मनाचे सामर्थ्य आणि मनावरचे ओझे

(शारदीय व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



'विचारांचे सामर्थ्य' हा विषय संयोजकांनी सुचविला, तेव्हा मी लगेच होकार दिला नाही. दोन दिवस मागून घेतले. याच विषयावर २००७ साली एका वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत मी अर्ध्या पानाचा लेख लिहिला होता. लेख गाजला. पत्रे आली, दूरध्वनी आले, दोन-तीन गावांतून व्याख्यानाची निमंत्रणेही आली. त्या लेखाचे एक देणे माझ्या डोक्यावर आहे आणि ते चार लोकांसमोर उभे राहूनच फेडायला हवे, असे वाटले म्हणून आज मी येथे आलो आहे. देणे कसले, ते यथावकाश सांगेन. आधी विषयाकडे वळू.

मनाचा शरीरावर परिणाम होतो, हे कळण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. परीक्षेच्या सकाळी पोट बिघडते. वाईट बातमी ऐकताच घशाला कोरड पडते. मूल धडपडते, आई गुडघ्यावर फुंकर घालते आणि रडे थांबते. त्या फुंकरीत औषध कोणते असते? तथापि, आपल्या घरोघरच्या या अनुभवाचा अभ्यास गेल्या पाऊणशे वर्षांत वैद्यकाने फार काटेकोरपणे केला आहे आणि तो आपण समजून घ्यायला हवा. कारण या विषयावर बोलणारे बहुतेक वक्ते (त्यात एकेकाळी मीही होतो) त्या अभ्यासातील सोयीचा अर्धा भाग सांगतात आणि गैरसोयीचा अर्धा गाळतात.

हेन्री बीचर नावाचे एक अमेरिकन भूलतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर होते. गंभीर जखमी झालेल्या सैनिकांना त्यांनी विचारले की, वेदनाशामक औषध हवे का. सुमारे तीन चतुर्थांश सैनिकांनी नको म्हणून सांगितले. हाडे मोडलेली, पोटात गोळ्यांचे तुकडे घुसलेले आणि तरी नको! पुढे शांततेच्या काळात रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या नागरिकांना त्यांनी हाच प्रश्न केला, तेव्हा बहुतेकांनी औषध मागितले. म्हणजे वेदना केवळ जखमेच्या आकारावर ठरत नव्हती. सैनिकाच्या लेखी जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका होती, तर नागरिकाच्या लेखी शस्त्रक्रिया म्हणजे संकट होते. जखमेचा जो अर्थ मनाने लावला, तो वेदनेत उतरला.

यावर कोणी म्हणेल की, हा सारा मानण्याचा खेळ आहे, शरीरात प्रत्यक्ष काही घडत नाही. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी या शंकेचे उत्तर शोधले. दाढ काढलेल्या रुग्णांना त्यांनी औषधाचा अंशही नसलेले द्रव्य दिले. वैद्यकात याला प्लासिबो म्हणतात. काहींची वेदना त्याने कमी झाली. मग अफूवर्गीय औषधांचा परिणाम पुसून टाकणारे नॅलोक्सोन हे औषध देताच ती वेदना पुन्हा वाढली. याचा अर्थ, आराम पडेल या अपेक्षेने मेंदू स्वत:च वेदनाशामक रसायने तयार करीत होता. आईच्या फुंकरीने काय घडते, त्याचा काहीसा उलगडा येथे होतो.

२००२ साली ह्यूस्टनमधील डॉक्टरांनी तर कमालच केली. गुडघेदुखीच्या १८० रुग्णांपैकी काहींवर दुर्बिणीची खरी शस्त्रक्रिया केली आणि काहींच्या गुडघ्याला नुसते छेद देऊन टाके घातले. आपण कोणत्या गटात आहोत, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. दोन वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही. येथे बसलेल्या ज्येष्ठांपैकी काहींनी गुडघ्यावर हात ठेवलेला मला दिसतो आहे. लगेच शस्त्रक्रिया रद्द करू नका. ते संशोधन सांधा बदलण्याविषयी नव्हते!

याची उलट बाजूही आहे. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी अंग दुखते, म्हणून कित्येक जण त्या सोडून देतात. लंडनमध्ये अशा ६० रुग्णांना वर्षभर आलटून पालटून काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब दिसणारी खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे ठेवले. २०२० साली निष्कर्ष आले. खऱ्या गोळीने होणाऱ्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला होता. गोळी बाधेल, या भयानेच ती बाधत होती.

येथपर्यंत व्याख्यान थांबविले, तर टाळ्या मिळतात. मी पूर्वी येथेच थांबत असे. पण २०११ साली दम्याच्या रुग्णांवर अमेरिकेत एक प्रयोग झाला, तो मला या साऱ्यांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रुग्णांना कधी खऱ्या औषधाचा फवारा, कधी औषध नसलेला फवारा, कधी लटके अॅक्युपंक्चर दिले आणि कधी काहीच दिले नाही. 'कसे वाटते?' असे विचारल्यावर खऱ्या औषधानंतर रुग्णांनी सरासरी ५० टक्के सुधारणा सांगितली आणि खोट्या फवाऱ्यानंतर ४५ टक्के. जवळजवळ सारखीच. पण फुप्फुसांतून बाहेर पडणारी हवा यंत्राने मोजली, तेव्हा खऱ्या औषधाने क्षमता २० टक्क्यांनी वाढली होती. खोट्या फवाऱ्याने ती ७ टक्के वाढली होती आणि काहीच न देताही तेवढीच वाढली होती.

मित्रहो, हा तपशील नीट ध्यानात घ्या. रुग्णाला बरे वाटत होते, ते खोटे नव्हते. त्याची धाप, त्याची घाबरगुंडी खरोखर कमी झाली होती. पण श्वासनलिका होती तेवढीच अरुंद होती. वेदना, शीण, मळमळ, भीती या प्रांतांत विचाराची सत्ता मोठी आहे. जंतू, गाठ, आवळलेली श्वासनलिका या प्रांतांत ती सत्ता फारशी चालत नाही. दम्याचा जो रुग्ण बरे वाटते म्हणून औषध टाकून देईल, त्याचा घात त्या बरे वाटण्यानेच होईल.

आता आपल्या परंपरेकडे येतो. 'मनात आणले तर रोग पळतो, हे आमच्या ऋषींनी सांगून ठेवले आहे,' असे आजकाल सर्रास सांगितले जाते. यासंदर्भात मला श्रीरामकृष्णांची अखेर आठवते. १८८५ साली त्यांच्या घशाचा आजार बळावला. तो कर्करोग होता. शशधर तर्कचूडामणी नावाचे एक विद्वान पंडित त्यांच्या भेटीला आले आणि म्हणाले की, आपल्यासारख्या परमहंसाने घशावर मन एकाग्र केले तर रोग बरा होईल, असे शास्त्र सांगते; मग आपण ते का करीत नाही? श्रीरामकृष्णांनी त्या पंडितांनाच खडसावले. जे मन एकदा ईश्वराला वाहिले, ते तेथून काढून या हाडामांसाच्या पिंजऱ्यावर कसे लावू, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. डॉ. महेंद्रलाल सरकार यांचे उपचार चालू होते, ते त्यांनी नाकारले नाहीत. १६ ऑगस्ट १८८६ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांचे पट्टशिष्य स्वामी विवेकानंद मधुमेह आणि दम्याने जर्जर होऊन वयाच्या ३९व्या वर्षी गेले. या गुरू-शिष्यांपेक्षा आपली विचारशक्ती अधिक आहे, असे म्हणणारा माणूस मला भेटायचा आहे.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण श्रीगुरुजींचे आहे. १९७० च्या जुलैमध्ये मुंबईत त्यांच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ते पुन्हा प्रवासाला लागले, बैठका घेऊ लागले, पत्रांना उत्तरे देऊ लागले. १९७३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी तीन पत्रे लिहून ठेवली. ती त्यांच्या मृत्यूनंतर उघडावयाची होती. आपले स्मारक करू नये, हे त्यांपैकी एका पत्रात होते. ५ जून १९७३ रोजी ते गेले. आजाराने त्यांचा देह नेला. त्या तीन वर्षांतील दिनक्रम मात्र त्याला मोडता आला नाही. मनाचे सामर्थ्य पाहायचे तर या दिनक्रमात पाहावे. रोग हटला की नाही, ही त्याची परीक्षा नव्हेच.

मग 'जसा विचार कराल तसे घडेल, जे मनात आणाल ते सृष्टी तुमच्याकडे ओढून आणील' हा सिद्धांत आला कोठून? बहुतेकांना तो उपनिषदांतून आला असे वाटते. मलाही तसेच वाटत होते. वस्तुत: तो आला एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेतून. तेथे 'न्यू थॉट' नावाची एक चळवळ होती. विचाराने रोग बरे होतात आणि भाग्य उजळते, असा तिचा प्रचार होता. विल्यम वॉकर अॅटकिन्सन हे पेशाने वकील असलेले गृहस्थ तिचे एक प्रमुख लेखक. विचारजगातील आकर्षणाच्या नियमावर त्यांनी १९०६ साली पुस्तक लिहिले. गंमत पुढेच आहे. हेच गृहस्थ 'योगी रामचरक' या नावाने योगावरची पुस्तकेही लिहीत असत. शिकागोत बसलेल्या एका अमेरिकन वकिलाने हिंदू योग्याचे नाव धारण केले, ती पुस्तके भारतात आली आणि आपण ती आपल्या ऋषींची म्हणून डोक्यावर घेतली! शंभर वर्षांनी, २००६ साली, 'द सीक्रेट' या नावाने तोच माल नव्या वेष्टनात आला आणि विमानतळापासून एसटी स्थानकापर्यंत विकला गेला. मी २००७ चा लेख लिहिला, तो याच लाटेत. खाली संदर्भ म्हणून पतंजलींचे नाव मात्र मी दिमाखात दिले होते.

आता त्या देण्याविषयी.

माझी थोरली बहीण, आम्ही सारे तिला अक्का म्हणत असू, एका तालुक्याच्या गावी शाळेत मराठी शिकवीत होती. माझे छापून आलेले प्रत्येक अक्षर ती कापून वहीत चिकटवीत असे. २०१२ साली तिला छातीत गाठ लागली. तिने कोणालाही सांगितले नाही. माझ्या लेखात मी एक उपाय सुचविला होता. रोज सकाळी आरशासमोर उभे राहून 'मी निरोगी आहे' असे एकवीस वेळा म्हणावे, शंकेला मनात थारा देऊ नये, रोगाचा उच्चारही करू नये. अक्काने तो उपाय चार महिने निष्ठेने केला. विद्यार्थ्यांकडून पाठांतर करून घेणारी शिक्षिका ती. एक दिवसही चुकविला नाही. चार महिन्यांनी काखेत दुसरी गाठ लागली, तेव्हा ती डॉक्टरांकडे गेली.

त्या चार महिन्यांनी किती फरक पडला असता, हे डॉक्टरांनी आपण होऊन सांगितले नाही. आणि आयुष्यभर मंत्र्यांना, आयुक्तांना अडचणीचे प्रश्न विचारणाऱ्या मला हा एक प्रश्न विचारण्याचे धैर्य झाले नाही.

पुढे शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी सुरू झाली. भेटायला येणारे सारे भल्या मनाचे लोक होते. ते एकच वाक्य बोलत, 'सकारात्मक विचार करा, म्हणजे नक्की बऱ्या व्हाल.' हे वाक्य आपण सर्वांनी कोणा ना कोणाला ऐकवले असेल. मी खाटेशेजारी बसून ते ऐकत असे आणि ऐकता ऐकता मला त्याची दुसरी बाजू दिसू लागली. रुग्ण बरा झाला तर श्रेय विचाराला. आणि न झाला तर? तर दोष त्याच्या विचाराला. म्हणजे देहाचा रोग भोगायचा तो भोगायचाच, वर तो आपल्याच मनाच्या कमकुवतपणामुळे झाला, हे ओझेही वाहायचे. एका शिबिरचालकांनी तर अक्काला सांगितले की, मनात दाबून ठेवलेल्या रागाची गाठ होते. त्या रात्री तिने मला विचारले, "माझ्या मनात असा कोणता राग होता रे, की त्याची गाठ व्हावी?" पस्तीस वर्षे दुसऱ्यांची मुले शिकविलेली बाई ती. आपल्या आयुष्याची पाने उलटून ती त्यांत गुन्हा शोधत होती.

त्यानंतर मी हा विषय नव्याने वाचू लागलो. १९८९ मध्ये स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी स्तनांच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या स्त्रिया दर आठवड्याला एकत्र बसून मन मोकळे करीत, त्या इतरांपेक्षा सरासरी दीड वर्ष अधिक जगल्या, असे त्यात दिसले. जगभर त्याचा गाजावाजा झाला. माझ्या लेखातही हा अभ्यास होता. पण २००१ साली कॅनडात २३५ स्त्रियांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. आणि २००७ साली, नेमका माझा लेख आला त्याच वर्षी, स्टॅनफर्डच्या त्याच संशोधकांनी प्रामाणिकपणे जाहीर केले की, आपल्या दुसऱ्या प्रयोगात एकूण आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. कॅनडाच्या प्रयोगात एक गोष्ट मात्र निश्चित दिसली होती. एकत्र बसणाऱ्या स्त्रियांना वेदना कमी होत्या आणि त्यांचे मन अधिक स्वस्थ होते. दम्याच्या प्रयोगात दिसली, तीच सीमारेषा येथेही होती. दिवस किती, हे विचाराच्या हाती नव्हते. ते दिवस कसे जातील, हे पुष्कळसे होते.

'पुष्कळसे' हा शब्द मी जपून वापरला आहे. कारण या सीमारेषेच्या अलीकडील प्रांत लहान नाही. किंबहुना माणसाचे बहुतेक जगणे त्याच प्रांतात घडते.

कुमार गंधर्वांचे उदाहरण घ्या. विशीतच अखिल भारतीय कीर्ती मिळविलेल्या या गायकाला ऐन तारुण्यात क्षयाने गाठले. १९४८ साली कोरड्या हवेसाठी ते देवासला जाऊन राहिले. गाणे बंद. ज्याचा श्वासच सुरांवर चालतो, त्याला पाच-सहा वर्षे गाऊ नको म्हणून सांगायचे, ही काय शिक्षा झाली! पत्नी भानुमती शाळेत नोकरी करून घर चालवीत होत्या आणि त्यांची शुश्रूषाही करीत होत्या. कुमारांना क्षयातून वर काढले, ते त्या काळी नव्यानेच उपलब्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनने आणि भानुमतीबाईंच्या कष्टांनी. हे श्रेय त्यांचे त्यांना दिलेच पाहिजे. मग विचाराने काय केले? त्या सक्तीच्या मौनात कुमार खिडकीबाहेरचे ऐकत राहिले. बाजाराला जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी, दारावरून जाणाऱ्या नाथपंथीयांची निर्गुणी भजने, पाखरांचे आवाज. कंठ बंद होता, मनातले गाणे चालू होते. त्या लोकधुनांतून नवे राग त्यांच्या मनात आकार घेत होते. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले होते आणि गाणे पूर्वीचे राहिलेच नव्हते. छोट्या, विजेसारख्या चमकून जाणाऱ्या तानांचे ते नवे गाणे एका फुप्फुसाने घडविले की प्रतिभेने, यावर रसिक आजही वाद घालतात. मला वाटते, मर्यादा फुप्फुसाने घातली आणि त्या मर्यादेची रेखीव आकृती मनाने केली.

मनात गाणे म्हणजे काव्यात्म कल्पना नव्हे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात काही जणांना पाच दिवस रोज दोन तास पियानोवर बोटांचा एक धडा गिरवायला लावला आणि काहींना तोच धडा केवळ मनात गिरवायला सांगितले. मेंदूचा जो भाग त्या बोटांना हलवितो, त्यात दोन्ही गटांत सारखाच बदल दिसला. प्रत्यक्ष वाजविण्याचे कौशल्य मात्र मनात गिरविणाऱ्यांचे थोडे कमी पडले. पण नंतर वाद्यासमोर बसविल्यावर त्यांनी ते झपाट्याने भरून काढले.

येथे खरा शब्द हाती येतो, तो म्हणजे अभ्यास. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की, मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरत नाही. भगवंत त्याला 'नुसते ठरव, म्हणजे आवरेल' असे सांगत नाहीत. मन आवरणे कठीण आहे, हे ते आधी मान्य करतात आणि मग अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतात. पतंजलींनी प्रतिपक्षभावना सांगितली, तीही अशीच दीर्घ सरावाची गोष्ट आहे. हिंसेचा, द्वेषाचा विचार उठला की त्याच्या विरोधी विचार जाणीवपूर्वक समोर उभा करायचा, पुन:पुन्हा करायचा. त्यात मोटार आणि बंगला मागण्याची सोय नाही. बालपणी मी शाखेतील मुख्य शिक्षकांना विचारले होते की, रोज तीच प्रार्थना आणि तेच सूर्यनमस्कार कशासाठी. ते म्हणाले, "लोणचे मुरायला किती दिवस लागतात, ते आईला विचारून ये."

परिस्थिती विचाराने बदलते का, हा प्रश्न उरतो. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे शरीर लुळे झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि पोहत राहिले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत त्यांनी ५० मीटरचे अंतर ३७.३३ सेकंदांत पार करून विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळविले. देशाने त्यांना पद्मश्री दिली, ती २०१८ साली. आपल्या कृतज्ञतेचा वेग पोहण्यापेक्षा फारच मंद. विचाराने पेटकरांचे पाय परत आणले नाहीत. ते रोज त्यांना पाण्यापर्यंत घेऊन गेले.

आणि ज्यांना पाण्यापर्यंत जाताच आले नाही, त्यांचे काय? हा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. स्वातंत्र्यवीर सावरकर ४ जुलै १९११ रोजी अंदमानात पोहोचले. कोलूला जुंपून दिवसाला ३० पौंड तेल काढण्याची शिक्षा तेथे असे. कागद-लेखणी नव्हती, म्हणून त्यांनी भिंतीवर कोरून काव्य रचले आणि ते मुखोद्गत केले. हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण 'माझी जन्मठेप' नीट वाचणाऱ्याला हेही ठाऊक असते की, त्या कोलूवर आत्महत्येचा विचार त्यांच्याही मनात येऊन गेला होता आणि तो त्यांनी स्वत:शी युक्तिवाद करून परतविला होता. स्वत:विषयी हे लिहून ठेवण्याला जे धैर्य लागते, ते मला काव्यरचनेहून कमी वाटत नाही. त्याच कारागृहात माणिकतळा खटल्यातील इंदुभूषण रॉय यांनी १९१२ मध्ये गळफास घेतला. त्याच खटल्यातील उल्लासकर दत्त छळाने भ्रमिष्ट झाले आणि त्यांना मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात हलवावे लागले. न्यायालयात उभे राहून गाणे म्हणणारा हा तरुण! त्याची निष्ठा कमी होती काय? विचार दुबळा होता काय? असे म्हणणाऱ्याची जीभ झडेल. सोसण्याला देहाची, मेंदूची एक सीमा असते आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. जे टिकले त्यांना वंदन करताना जे मोडले त्यांना आपण नकळत कमी लेखतो. आपल्या घरांतही हेच घडते. खिन्नतेच्या आजाराने घेरलेल्या मुलाला 'मन खंबीर कर' म्हणून सांगणारे वडील मी पाहिले आहेत. त्यांच्या मनात काळजीच असते. पण त्या मुलाला आधी डॉक्टर हवा असतो. विचारांशी झुंजण्याचे बळ त्याला त्यानंतर येईल.

अक्काकडे परत येतो. आरसा तिने सोडला. केमोथेरपीची सलाइन लागली की ती डोळे मिटून मनाचे श्लोक म्हणत असे. समर्थांनी मनाला सज्जन म्हणून हाक मारली आहे, रागावून नव्हे, हे ती वर्गात आवर्जून सांगायची. ते २०५ श्लोक तिला लहानपणापासून पाठ होते. संपले की पुन्हा पहिल्यापासून. मळमळीच्या गोळ्याही ती वेळेवर घेत होती. ज्या दिवशी श्लोक होत, त्या दिवशी त्रास कमी जाणवतो, असे ती म्हणे. आणि ज्या दिवशी ते होत नसत, त्या दिवशी, "आज मन गैरहजर आहे, हजेरीपटावर फुली मार," असे सांगून कूस बदलीत असे. रागाची गाठ तिने नंतर कधी शोधली नाही. शेजारची चार मुले संध्याकाळी व्याकरणाला येत, त्यांचे वर्ग तिने शेवटच्या दिवाळीपर्यंत चालविले.

एके दिवशी धीर करून मी तिची क्षमा मागितली. लेखाबद्दल, आरशाबद्दल, त्या चार महिन्यांबद्दल. ती काही बोलली नाही. उशीजवळच्या वहीतून ते पिवळे पडलेले कात्रण काढून तिने माझ्या हाती ठेवले. तांबड्या पेन्सिलीने ते तपासलेले होते. माझ्या लेखाचे शेवटचे वाक्य होते, 'सुविचाराने रोग बरा होतो.' त्यातील 'रोग' आणि 'होतो' हे दोन शब्द खोडून तिने वर लिहिले होते 'दिवस' आणि 'जातो'.

२०१६ च्या मार्गशीर्षात ती गेली. कात्रण माझ्या टेबलाच्या खणात आहे. दुसऱ्या परिच्छेदातील ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुकाही तिने दुरुस्त केल्या आहेत आणि समासात दहापैकी चार गुण दिले आहेत.